गाडीला केलेले बदल आणि विम्याचा हप्ता : फोंड्यातील एका विमा-कार्यालयाचा अनुभव

या वर्षी गाडीच्या विम्याचे नूतनीकरण करण्यासाठी मी फोंड्यात तिस्कच्या बाजूला असलेल्या एका लहानशा विमा-कार्यालयात गेलो आणि हप्ता किती पडेल असे विचारले, तेव्हा तेथील एजंट बाईंनी आकडा सांगण्याऐवजी गाडी कुठे लावली आहे ते विचारले. वही आणि मोबाइल घेऊन त्या जिना उतरून खाली आल्या, गाडीभोवती एक फेरी मारली, डिकी उघडायला लावली, बॉनेटखाली डोकावल्या, म्युझिक सिस्टीम सुरू करून पाहिली आणि मग वर जाऊन हिशेबाला बसल्या. पंधरा वर्षे मी गाडीचा विमा भरतो आहे. हप्ता सांगण्यापूर्वी गाडी पाहणारे माणूस मला यापूर्वी भेटले नव्हते. तसा कंपनीतर्फे नुकसान पाहणारा सर्व्हेअर भेटला होता, पण तो अपघातानंतर.

कार्यालयाचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण ते चालवणाऱ्या दोघींना आहे एवढेच काम पुरते, आणखी माणसे पाठवू नका, असे त्यांनी स्वतःच बजावले आहे. त्यांच्या कामाची पद्धत मात्र लिहिण्यासारखी आहे. ज्यांनी गाडीला शोरूमबाहेर काहीही बसवले आहे, त्यांना आपल्या एजंटाकडून काय मागायचे ते त्यावरून कळेल.

माझी गाडी ११९७ सीसीची पेट्रोल स्विफ्ट आहे. घेतली तेव्हा मधले मॉडेल परवडले, वरचे नाही. त्यामुळे वरच्या मॉडेलात जे कंपनीकडूनच येते ते मी एकेक करून बाहेरून बसवत गेलो. आधी चार अलॉय व्हील आणि पुढचे प्रोजेक्टर दिवे झाले, मग अ‍ॅम्प्लिफायरसह म्युझिक सिस्टीम आणि मागचा कॅमेरा झाला, आणि गेल्या वर्षी फोंडा-पणजी ही रोजची ये-जा पेट्रोलवर झेपेनाशी झाली तेव्हा सीएनजी किट बसले. यातले काहीही विमा कंपनीला कळवायचे असते, हे मला पहिली काही वर्षे ठाऊक नव्हते, आणि ठाऊक झाले ते पैसे मोजून.

दोन वर्षांपूर्वी जुलै महिन्यात बोरीच्या उतारावर पुढच्या टेंपोने अचानक ब्रेक लावला आणि माझी गाडी ओल्या रस्त्यावर डावीकडे घसरून कठड्यावर आदळली. बंपर, डावा दिवा आणि डावे पुढचे चाक गेले. गॅरेजचे बिल ७१,००० रुपये झाले. त्या वर्षीची पॉलिसी मी एका संकेतस्थळावरून पाच मिनिटांत काढली होती. त्या अर्जात जादा अ‍ॅक्सेसरीज आहेत का, असा एक रकाना होता आणि त्यात ‘नाही’ हे उत्तर आधीच भरलेले होते. मी ते वाचलेही नव्हते. सर्व्हेअर अतिशय सभ्य गृहस्थ होते. त्यांनी पॉलिसीचे पान माझ्यासमोर धरले, त्यावरील अ‍ॅक्सेसरीजच्या रकान्यातील शून्य दाखवले, आणि ९,४०० रुपयांच्या अलॉय व्हीलपोटी साध्या लोखंडी रिमची किंमत मंजूर केली. प्रोजेक्टर दिव्यापोटी त्या मॉडेलच्या मूळ दिव्याची किंमत धरली आणि तो प्लास्टिकचा म्हणून त्यातूनही निम्मा घसारा कापला. या दोन बाबींतच सोळा हजारांच्या आसपास पदरचे गेले, आणि क्लेम घेतल्यामुळे नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर आला तो वेगळा. गोव्यातील तक्रारी मुंबईच्या विमा लोकपालांकडे नेता येतात, हे मित्रांनी सुचवले. पण तिथे जाऊन सांगायचे काय, हा प्रश्न होता. अर्जावर ‘नाही’ असे लिहिलेले होते आणि खाली माझी संमती होती.

या पार्श्वभूमीवर बाईंनी मला पहिल्या अर्ध्या तासात जे समजावले ते मी कुठल्याही माहितीपत्रकात इतक्या सरळ वाचलेले नाही. गाडीचे विमामूल्य, म्हणजे ज्याला सगळे आयडीव्ही म्हणतात ते, उत्पादकाने त्या मॉडेलची जी विक्रीकिंमत जाहीर केलेली असते तिच्यावरून ठरते आणि त्यातून वयाप्रमाणे घसारा वजा होतो : सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५०. जी वस्तू त्या जाहीर किमतीत धरलेली नाही, ती त्या विमामूल्यातही नाही. म्हणूनच वरच्या मॉडेलबरोबर कारखान्यातून आलेले अलॉय व्हील आपोआप विम्यात असते आणि अगदी तसेच चाक आपण बाहेरून बसवले तर ते नसते. यातील सर्वांत फसवा भाग शोरूमचा आहे. गाडी ताब्यात घेताना विक्रेत्याने शोरूममध्येच जे सीट कव्हर, स्पॉयलर, टचस्क्रीन वगैरे बसवून दिलेले असते, ते कंपनीचेच म्हणून विम्यात आले असणार, असे बहुतेकांना वाटते. पण ते वेगळ्या बिलावर विकलेले असते. जाहीर किमतीत ते नसते. माझ्या ओळखीतल्या निदान चार जणांना मी हे सांगितले आणि चौघांनीही घरी जाऊन पॉलिसी उघडली.

पॉलिसीच्या पहिल्या पानावर विमामूल्याचे एकाशेजारी एक रकाने असतात : वाहन, विजेवर न चालणाऱ्या अ‍ॅक्सेसरीज, विजेवर चालणाऱ्या अ‍ॅक्सेसरीज, सीएनजी किंवा एलपीजी किट, आणि शेवटी बेरीज. बाईंचे म्हणणे असे की गाडीचा मालक आणि विमा कंपनी यांच्यातील सगळे भांडण या चार चौकोनांत मावते. प्रत्येक चौकोनाचा दर वेगळा आहे. २००२ च्या मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे सर्व कंपन्यांना बंधनकारक असलेल्या दरपत्रकात, ठरलेले दर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीपुरते २००७ पासून कंपन्यांना मोकळे झाले असले, तरी हिशेबाची चौकट अजून बहुतांशी तीच आहे. विजेवर चालणाऱ्या वस्तूंवर त्यांच्या मूल्याच्या ४ टक्के, बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटवर किटच्या मूल्याच्या ४ टक्के आणि तृतीय पक्षाच्या, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे केलेले नुकसान भरून देणाऱ्या, भागात ६० रुपये, तर चाके किंवा कॅरिअर यांसारख्या वस्तूंना गाडीचाच दर लागतो. गोवा टॅरिफच्या ‘ब’ विभागात येतो, आणि तेथे १००० ते १५०० सीसीच्या पाच वर्षांपर्यंतच्या गाडीचा मूळ दर ३.१९१ टक्के आहे. मुंबई-पुण्यासारख्या ‘अ’ विभागातील शहरांत तो ३.२८३ असतो.

माझा हिशेब त्यांनी वहीत मांडून दाखवला, तो तसाच उतरवतो. म्युझिक सिस्टीम आणि कॅमेरा ३२,००० रुपयांचे, त्यावर १,२८०. सीएनजी किट ५५,००० चे, त्यावर २,२००. चार अलॉय व्हील ३६,००० ची, त्यांवर १,१४९. एकूण ४,६२९. त्यातून कंपनीने दिलेली ४० टक्के सूट आणि माझा २० टक्के नो क्लेम बोनस वजा जाता २,२२२ रुपये उरले. तृतीय पक्षाचे ६० मिळवले, १८ टक्के जीएसटी चढवला आणि आकडा २,६९३ वर थांबला. म्हणजे १,२३,००० रुपयांच्या वस्तू वर्षभर विम्यात ठेवण्यासाठी सव्वादोन टक्क्यांहूनही कमी. बोरीच्या उतारावर मी याच्या सहापट गमावले होते. बदल कळवले की हप्ता गगनाला भिडतो, ही जी समजूत गॅरेजवाल्यांनी पसरवून ठेवली आहे, तिला निदान या तीन प्रकारच्या वस्तूंबाबत काही आधार नाही.

तृतीय पक्षाचा मूळ हप्ता तर या कशानेही हलत नाही. तो सरकार ठरवते आणि इंजिनाच्या क्षमतेवरून ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात १००० सीसीपर्यंत २,०९४, १५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७ रुपये असे तीन टप्पे आहेत. गाडीला कितीही दिवे लावले, तरी माझे ३,४१६ तेवढेच.

सीएनजीच्या बाबतीत मात्र बाई फार कडक निघाल्या, आणि माझ्या मते त्यांच्या सेवेचे मोल येथेच आहे. बिल दाखवल्यावर त्यांनी ते बाजूला ठेवले आणि आधी आरसी मागितली. इंधनाच्या रकान्यात पेट्रोलबरोबर सीएनजीची नोंद आहे की नाही, किट माझ्या मॉडेलसाठी मंजूर आहे याचा दाखला आहे की नाही, बसवणारा अधिकृत आहे की नाही आणि सिलिंडरवरील तपासणीची तारीख कोणती, हे सारे त्यांनी पाहिले. सिलिंडरची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. आरटीओत नोंद नसलेल्या किटचा हप्ता घेऊन ते पॉलिसीत घालणारे एजंट आहेत. त्याने ग्राहकाला वाटते की आपण सुरक्षित झालो. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल परवानगीने करून आरसीत नोंदवावा लागतो, आणि क्लेमच्या वेळी पॉलिसीत किट व आरसीत नुसते पेट्रोल असे दिसले, की पॉलिसीतील ती ओळ ग्राहकाच्या फार उपयोगी पडत नाही. माझी नोंद सुदैवाने झालेली होती. माझ्या आधी बसलेल्या एका तरुणाची झालेली नव्हती; त्याला त्यांनी हप्ता न घेता परत पाठवले आणि आधी आरटीओची वाट दाखवली. हातातले गिऱ्हाईक असे सोडणे फोंड्याच्या बाजारात रोज दिसत नाही.

ज्या बदलांना पॉलिसीत चौकोनच नाही, त्यांविषयीही त्या स्पष्ट बोलल्या. इंजिनाची ताकद वाढवण्यासाठी त्याच्या संगणकातील आज्ञावली बदलून घेण्याची, म्हणजे रीमॅपिंगची, हौस आमच्याकडच्या मुलांत चांगलीच आहे. त्याने सीसी बदलत नाही, म्हणून तृतीय पक्षाचा हप्ता वाढत नाही. आणि नेहमीच्या अर्जात त्यासाठी वेगळा दरही नाही. त्यामुळे ते कंपनीला लेखी कळवणे आणि ती काय म्हणते ते पाहणे एवढाच मार्ग राहतो, आणि कंपनी नाही म्हणू शकते. चासीशी खेळणे, छत कापणे किंवा दुसऱ्याच जातीचे इंजिन टाकणे हे तर विम्याच्या आधीच कायद्यात अडकते. उत्पादकाने ठरवून दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. पुढे लावायच्या लोखंडी गार्डचेही तेच. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना त्याविरुद्ध कारवाई करण्यास कळवले होते. अपघातात एअरबॅगच्या सेन्सरला धक्का पोहोचण्याआधीच तो गार्ड खाऊन टाकतो, हे बाईंचे वाक्य मला नेमके वाटले. माझे प्रोजेक्टर दिवे त्यांनी यादीत घेतलेच नाहीत. मूळ दिवे घरी असतील तर परत बसवा, म्हणाल्या. माळ्यावर होते, परत बसवले. रात्री चोर्ल्याच्या घाटात प्रोजेक्टर दिव्यांची उणीव भासते, हे मान्य करायला हवे.

‘बंपर टू बंपर’ घेतले की सगळे मिळते, या समजुतीवर त्यांनी दोन मिनिटेच घालवली, पण ती मोलाची होती. बंपर टू बंपर म्हणजेच झिरो डेप; हे जादा संरक्षण प्लास्टिक, रबर वगैरे भागांवर कापला जाणारा घसारा थांबवते; न कळवलेली वस्तू पॉलिसीत आणून बसवत नाही. गाडी पर्यटकांना भाड्याने देता का, हेही त्यांनी विचारून घेतले. किनारपट्टीवर पांढऱ्या पाटीच्या गाड्या राजरोस भाड्याने फिरतात म्हणून हा प्रश्न. खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर बसत नाही आणि तेथे अ‍ॅक्सेसरीजचा हिशेब करण्यात काही अर्थ उरत नाही.

हप्ता कमी करणारेही बदल असतात, हे मला येथेच कळले. माझ्या मेहुण्यांचा उजवा पाय लहानपणीच्या पोलिओने अधू आहे आणि त्यांच्या गाडीला ब्रेक व अ‍ॅक्सिलरेटर हाताने चालवण्याची सोय करून घेतलेली आहे. ती सोय आरसीत रीतसर नोंदलेली असूनही सहा वर्षे ते पूर्ण हप्ता भरत होते. दिव्यांग व्यक्तीसाठी खास बदललेल्या आणि तशी आरटीओची नोंद असलेल्या गाडीला स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सवलत टॅरिफमध्येच आहे. मी त्यांना सोबत घेऊन गेलो, बाईंनी आरसी पाहिली आणि निम्मा हप्ता त्या वर्षीपासून उतरला. आधीच्या सहा वर्षांचे पैसे अर्थातच गेले. तेव्हाच्या एजंटाने गाडी एकदा जरी पाहिली असती, तर ते वाचले असते. चोरीविरोधी यंत्राची सवलत त्या मानाने किरकोळ आहे : हप्त्याच्या अडीच टक्के आणि फार तर ५०० रुपये, तीही यंत्र पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने मंजूर केलेले असेल तरच. बाजारातले आठशे रुपयांचे गिअर लॉक त्यासाठी चालत नाही. मी आणलेले चालले नाही.

उणिवा सांगायच्या तर आहेत. कार्यालय दुपारी एक ते चार बंद असते आणि त्या वेळेत फोनही उचलला जात नाही. पणजीहून सुटी काढून येणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. तीनच कंपन्यांच्या पॉलिसी तेथे मिळतात, त्यामुळे दहा दर ताडून पाहण्याची सोय नाही, आणि संकेतस्थळावर मला मिळत असलेली मूळ सूट येथल्यापेक्षा थोडी अधिक होती. पॉलिसी हाती यायला चार दिवस लागले. आली तेव्हा मागचा कॅमेरा विजेवर न चालणाऱ्या वस्तूंत पडलेला होता. चूक कंपनीच्या कार्यालयातील असली तरी ती पाहण्याआधीच पाकीट माझ्या हाती दिले गेले, ही या दोघींचीच चूक; दुरुस्तीची पुरवणी यायला आणखी आठवडा गेला. शिवाय पावसात इंजिनात पाणी शिरण्याविरुद्धचे जादा संरक्षण घ्यावे म्हणून त्या जरा अधिकच आग्रह धरतात. ते निरुपयोगी नाही, साध्या पॉलिसीत पाण्याने बसलेले इंजिन येत नाही हे खरे; पण माझी गाडी टेकडीवरच्या घरातून पणजीला जाते आणि परत येते, तेव्हा मी ते घेतले नाही.

चतुर्थीच्या आधी मी छतावर कॅरिअर बसवला, तेव्हा सवयीप्रमाणे आधी बसवून मग फोटो पाठवला. बाईंचे उत्तर आले की बिल आणि पैसे दोन्ही आणा, कारण विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबीप्रमाणे हप्ता पोहोचेपर्यंत कंपनीवर जोखीम येत नाही. नुसत्या फोटोने येत नाही. ८,००० रुपयांच्या कॅरिअरसाठी वर्षाच्या उरलेल्या महिन्यांचा हिशेब शंभर रुपयांच्या आतच आला. एवढ्या रकमेसाठी पुरवणी काढण्याचे काम दुसऱ्या कुणी अंगावर घेतले असते की नाही, याची मला शंका आहे. जाताना आरसी, वस्तूंची जीएसटी क्रमांक असलेली बिले आणि मागच्या वर्षीची पॉलिसी न्यावी, आणि गाडीही न्यावी. ती पाहिल्याशिवाय आकडा मिळत नाही.